घरच्या घरी कॉफी बीन्सचं ब्लेंड: प्रमाण कसं ठरवायचं? सल्ला हवा

पहिली_वाफ
नमस्कार मंडळी. वर्षभर मी एकाच प्रकारच्या बिया आणून, घरी दळून, फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दट्टा असलेल्या भांड्यात) कॉफी करतेय. गेल्या आठवड्यात ब्लेंड करून बघायची फार इच्छा झाली. घरात २५० ग्रॅमची दोन पाकिटं होती. एक इथिओपियाचं, वॉश्ड (म्हणजे फळाचा गर धुऊन मग वाळवलेलं), लाइट रोस्ट, म्हणजे कमी भाजलेलं. जाईच्या फुलांसारखा वास आणि लिंबाची धार. दुसरं ब्राझीलचं, नॅचरल (अख्खं फळ वाळवून मग बी काढलेलं), बऱ्यापैकी डार्क. त्यात चॉकलेट आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची छटा. दोन्ही मला मनापासून आवडतात, म्हणून अख्खी पाकिटं एका बरणीत ओतून हलवली.

आता जाईही गेली आणि चॉकलेटही. पहिला घोट आंबट लागतो, गिळल्यावर कडवटपणा मागे राहतो आणि मधे काहीच नाही. चुकलं कुठे? प्रमाण कसं ठरवतात? आणि उरलेल्या जवळपास ४०० ग्रॅम मिश्रणाचं काय करू?

ग्रॅमभर
ताई, बिया दोन्ही चांगल्या आहेत. अडचण रोस्टची आहे. लाइट रोस्टचा दाणा घट्ट असतो. त्यातली चव सुटायला कडक गरम पाणी, बारीक दळण आणि वेळ लागतो. डार्क रोस्टचा दाणा फुगलेला आणि ठिसूळ. त्यातून सगळं भराभर सुटतं, शिवाय दळताना बारीक चुराही जास्त पडतो. दोन्ही एकाच दळणात, त्याच चार मिनिटांत ठेवल्या की एक अर्धवट उतरते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त. पुढे आंबट आणि मागे कडू लागतंय ते त्यामुळेच. ब्लेंड करायचं तर शक्यतो जवळजवळच्या रोस्टच्या बिया घ्या, निदान सुरुवातीला तरी.

प्रमाणाबद्दल माझं ठाम मत आहे: बिया मिसळायच्या आधी कॉफी मिसळा. दोन्ही बियांची कॉफी वेगवेगळी करा, माप एकच ठेवा, म्हणजे १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी. थोडी निवू द्या, फार गरम असताना जिभेला फरक कळत नाही. मग रिकाम्या कपात चमच्याने मोजून घाला: आठ चमचे एकीचे, दोन दुसरीचे. चाखा. मग सात-तीन, सहा-चार. प्रत्येक वेळी एक शब्द तरी लिहून ठेवा, कारण चौथ्या कपापर्यंत पहिला विसरलेला असतो.

माझ्याकडे ब्राझील आणि केनिया होती, दोन्ही मध्यम रोस्ट. पाच-पाच चमच्यांना केनियाच बोलत होती, ब्राझील कुठे गेली ते कळेना. सात चमचे ब्राझील आणि तीन केनिया केले तेव्हा आधी चॉकलेट आलं आणि घोट गिळल्यावर ब्लॅककरंटसारखा आंबटगोडपणा वर आला. केनिया दोन चमच्यांवर आणली तर तो पार नाहीसा झाला. एवढ्या एका चमच्याचा फरक पाकीटभर बिया खर्च करून शोधायला महिना गेला असता. बिया एकत्र दळल्या की चव थोडी सरकते, म्हणून चमच्यांनी मिळालेलं प्रमाण ही सुरुवात समजा आणि पुढे एखादा ग्रॅम इकडेतिकडे करा.

आणि बरणीत मिसळू नका. अरेबिकाचा (कॉफीची नेहमीची जात) एक भाजलेला दाणा साधारण ०.१२ ते ०.१५ ग्रॅमचा, म्हणजे १५ ग्रॅममध्ये शंभर-सव्वाशे दाणे. त्यात दुसरी बी १० टक्के हवी असेल तर ती दहा-बारा दाणेच. बरणीत न बघता हात घातला तर कधी सात येतील, कधी पंधरा. बिया वेगळ्या ठेवा आणि प्रत्येक वेळी दोन्ही काट्यावर तोलून ग्राइंडरमध्ये टाका. चमच्याने दाणे मोजू नका. डार्क रोस्टचे दाणे हलके असतात, तेवढ्याच चमच्यात वजन कमी भरतं.

दाटघोट
ग्रॅमभर यांचं पटलं. माझी भर एवढीच, की आधी एक बी 'घरची' ठरवा, जी एकटीच प्यायला आवडते, आणि तिच्यात काय कमी आहे ते शोधा. धार कमी असेल तर वॉश्ड इथिओपिया किंवा केनिया. अंग कमी वाटत असेल, कॉफी तोंडात पाण्यासारखी पातळ लागत असेल, तर सुमात्रा. तिथे बी बरीच ओली असतानाच तिचं टरफल काढतात, त्यातून तो मातकट, जड स्वाद येतो. कॉफीला हवी ती एकच गोष्ट द्यायची. तीन-चार बिया एकत्र केल्या की कोणती काय करतेय तेच समजत नाही.

धार आणि अंग ही जोडी जुनीच आहे. मोखा-जावा हे सगळ्यात जुनं मानलं जाणारं ब्लेंड तसंच: येमेनच्या मोखा बंदरातून येणारी फळांच्या चवीची, तीक्ष्ण कॉफी आणि डचांनी जावा बेटावर लावलेली जड, शांत कॉफी. आज त्या नावाच्या पाकिटात बरेचदा इथिओपिया आणि सुमात्रा असतात, पण विचार तोच.

अंगासाठी १० टक्के चांगली वॉश्ड रोबस्टाही (कॉफीची दुसरी, जास्त कडवट जात) चालते. एस्प्रेसोत तिने फेस दाट येतो.

सावकाश
फ्रेंच प्रेसला मी रोबस्टा घालणार नाही. जाळीतून तेल आणि गाळ तसाही कपात येतो, म्हणजे अंग असतंच. वर रोबस्टाचा लाकडी कडवटपणा कशाला? शिवाय कॅफिन अरेबिकात वजनाच्या सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टात २.२ च्या आसपास. रात्री पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ताई, रोस्टच्या तारखाही बघा. परवा भाजलेली बी अजून कार्बन डायऑक्साइड सोडत असते, पाणी ओतलं की फसफसते आणि पाण्याला नीट आत येऊ देत नाही. दोन्ही बिया भाजून आठवडा तरी झालेला असू द्या.

उरलेल्या मिश्रणाबद्दल: अर्ध्याची कोल्ड ब्रू करा. जाडसर दळून, आठपट थंड पाण्यात १२ ते १६ तास. थंड पाण्यात आंबट आणि कडू दोन्ही कमी उतरतात, रोस्टचा फरक फारसा बोचत नाही. उरलेल्यात ब्राझील वाढवा. १०० ग्रॅम मिश्रणात ५० ग्रॅम ब्राझील गेली की प्रमाण एकास दोन होतं.

ग्रॅमभर
दाटघोट, रोबस्टाबाबत मी सावकाश यांच्या बाजूने, पण एस्प्रेसोसाठी तुमचं बरोबर.

ताई, लाइट आणि डार्कच वापरायच्या असतील तर आणखी एक उपाय: दोन्ही वेगळ्या दळा, लाइट थोडी बारीक, डार्क जाडसर. प्रेसमध्ये आधी फक्त लाइट घालून उकळून किंचित निवलेलं, ९५ अंशांच्या आसपासचं पाणी ओता. दीड मिनिटाने डार्क घाला, ढवळा, आणि एकूण चार मिनिटांनी दाबा. मी हे बरेचदा करतो.

पहिली_वाफ
दहा दिवसांनी येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

कोल्ड ब्रू छान झाली, कडवटपणा जवळजवळ नाहीच. बरणीतल्या उरलेल्यात ब्राझील घातली, दळण ग्राइंडरवरची एक खूण जाडसर केलं. प्यायला बरी, पण जाई काही परत आली नाही.

मग ब्राझील मध्यम रोस्टची आणली आणि इथिओपिया त्याहून जरा फिकी. काल चमचे घेऊन बसले. सहा-चारला लिंबूच पुढे. आठ-दोनला नुसतं चॉकलेट. सात-तीनला कप नाकाजवळ नेला आणि जाईचा वास आला, मग जिभेवर चॉकलेट. तोच कप थंड होईपर्यंत पीत बसले.

आज सकाळी १०.५ ग्रॅम ब्राझील आणि ४.५ ग्रॅम इथिओपिया तोलून एकत्र दळली. चव तीच, पण वास चमच्यांच्या कपापेक्षा कमी. इथिओपिया ५ ग्रॅम करू, की दळण बारीक करू?

ग्रॅमभर
आधी इथिओपिया ५ आणि ब्राझील १० करा, दळणाला हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. वास तरीही दबलेला राहिला तर एक खूण बारीक करा. उद्या काय लागलं ते नक्की लिहा.