मदत हवी आहे: टँकचं पाणी ग्लासात काढलं की पीएच चढतो, बफरचा का नाही?

नमस्कार मंडळी. ऐरोलीला आमचा माशांचा ६० लिटरचा प्लँटेड टँक आहे, म्हणजे आत खरी पाणवनस्पती लावलेला. झाडांसाठी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर, २४ तास चालू. गेला आठवडाभर सकाळी टँकचा दिवा लावायला जावं तर निऑन टेट्रा मासे वर येऊन तोंडाची उघडमीट करत असतात. दोन दगावले. फार जीव लागलाय हो त्यांच्यात.

पीएच ६.४, केएच (पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) ४. मीटरवरच शंका आली म्हणून ४.०१ आणि ७.०० च्या बफरमध्ये (पीएच सहसा न हलणाऱ्या द्रावणात) बुडवून पाहिला, बरोबर निघाला. रात्री टँकचं ग्लासभर पाणी ओट्यावर ठेवलं, शेजारी वाटीत ७.०० चा बफर. सकाळी बफर ७.०० वरच, पाणी मात्र ७.६! त्यात काहीच घातलं नव्हतं.

दुकानदार म्हणाले खायचा सोडा टाका. दीड चमचा टाकला. केएच ८, पीएच ६.७ झाला, पण माशांची धाप तशीच. केएच म्हणजेही बफरच ना? मग एक हलतो, एक नाही, असं का?

उत्तर (ठाण्याहून): ताई, आधी सिलिंडर बंद करून एअर पंप लावा, मग पुढचं वाचा.

वाटीतला बफर बहुतेक फॉस्फेटचा. बफरमध्ये आम्ल आणि आम्लारी अशी जोडी असते, त्यांच्या प्रमाणावर पीएच ठरतो. फॉस्फेटचे दोन्ही जोडीदार पाण्यातच राहतात. टँकमधल्या जोडीत एक बायकार्बोनेट आणि दुसरा सीओटू, म्हणजे वायू. तो उडून जातो. केएच तेवढाच राहून सीओटू दहापट घटला की पीएच एक आकडा चढतो, तुमचा १.२ चढला, म्हणजे सोळापट घटला. केएच ४ आणि पीएच ६.४ ला लिटरमागे साधारण ४८ मिलिग्रॅम सीओटू येतो. सोडा टाकल्यावर ८ आणि ६.७ ला? पुन्हा ४८! सोड्याने आकडा बदलला, सीओटू होता तेवढाच राहिला, आणि मासे गुदमरतायत ते त्यानेच. मी ३० च्या वर जाऊ देत नाही.

अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात. म्हणून दिवा बंद व्हायच्या तासभर आधी सिलिंडर बंद करायचा. जादा सोडा एकदम काढू नका, दर आठवड्याला थोडं थोडं पाणी बदला.

धागाकर्ती: दादा, रात्रभर पंप लावला. आज पीएच ७.८, सगळे मासे खाली झाडांत फिरतायत! आता टायमर आणते. सकाळी सिलिंडर दिव्याबरोबरच लावू की थोडा आधी?