फ्रूट केक, गाणे आणि मधला एक तास (अनुभव धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचा भाग दिला आहे)

जुळे सोलापूर

नमस्कार. डिसेंबर लागल्यापासून जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उरकेपर्यंतचे दिवस हेच सोलापुरात केक करण्याचे खरे दिवस आहेत. एरवी इथल्या उकाड्यात लोणी ओट्यावर ठेवताच पातळ होते आणि कितीही फेसले तरी त्यात हवा धरत नाही. थंडीच्या या दिवसांत आमच्याकडे फ्रूट केक होतो, आणि तो भाजला जात असताना गाणे लागलेले असते. या जोडीविषयी तुम्हा सर्वांचे अनुभव वाचावेत, यासाठी हा धागा काढत आहे.

फ्रूट केक साध्या केकसारखा अर्ध्या तासात उरकत नाही. त्याचे मिश्रण जड असते आणि भिजवलेल्या फळांचा ओलावा आत असतो, म्हणून 150 ते 160 अंश सेल्सिअसच्या मंद आचेवर त्याला सव्वा तास तरी द्यावा लागतो. त्यातली पहिली 40 मिनिटे ओव्हनचे दार उघडायचे नसते, नाहीतर मध्यभाग बसतो. त्यामुळे घरातल्या माणसाला हक्काने बसण्याजोगा एक तास मिळतो, कारण घर सोडून जाता येत नाही आणि हाताला दुसरे कामही राहिलेले नसते. त्या तासात आपण काय ऐकता, कोणाशी काय बोलता आणि आपला केक कसा करता, हे सविस्तर लिहावे. प्रमाण अवश्य द्यावे, म्हणजे वाचणाऱ्याला करून पाहता येईल.

सुरुवात मीच करते. माझे प्रमाण 200 ग्रॅम लोणी, 180 ग्रॅम पिठीसाखर, 4 अंडी, 220 ग्रॅम मैदा, एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि भिजवलेली फळे सुमारे 350 ग्रॅम असे आहे. फळांमध्ये बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, पाकातली संत्र्याची साल आणि टुटीफ्रुटी असते. रंग आणि किंचित कडसर चव यांसाठी मी 100 ग्रॅम साखर जाळून घेते. जाड बुडाच्या पातेल्यात साखर आधी कडांना वितळते, मग मधासारखी होते, त्यानंतर तिच्यावर बारीक फेस येतो आणि धुराची पहिली रेघ उठते. त्या क्षणी गॅस बंद करून अर्धी वाटी पाणी घालायचे असते आणि ते उकळतेच हवे, कारण गार पाणी पडले तर साखर दगडासारखी आळते आणि उडते फार. हा पाक पूर्ण निवल्यावरच मिश्रणात घालते. फळे घालण्याआधी निथळून त्यांवर दोन चमचे मैदा भुरभुरावा, म्हणजे ती तळाशी जाऊन बसत नाहीत.

केक ओव्हनमध्ये गेला की बहुधा दिवेलागणीची वेळ झालेली असते. वासाने शेजारच्या काकू येतात. त्यांची मातृभाषा कन्नड आणि माझी मराठी, पण पंडित भीमसेन जोशी आम्हा दोघींचेही. गदग जिल्ह्यात जन्मलेल्या या गायकाने अभंगही गायले आणि पुरंदरदासांसारख्या संतांची कन्नड भक्तिगीते, म्हणजे दासपदेही गायली, त्यामुळे एकदा माझ्या आवडीचे लावायचे आणि एकदा काकूंच्या, असा आमचा रिवाज पडला आहे. अर्थ विचारताना पुरंदरदास त्यांच्याकडून मला कळतात आणि तुकोबा माझ्याकडून त्यांना. मधूनमधून नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मुलांचे जेवणाचे काय, हेही बोलणे होतेच. गाणे चालू असताना बोलू नये असे मानणारे लोक आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु घरातले गाणे मैफलीतल्या गाण्याहून वेगळे असते आणि ते बोलण्याला सामावून घेते, असे माझे मत आहे.

अशोक चौक

ताई, आपण धागा काढला हे फार चांगले केले. माझे आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर गेले आणि आता मी निवृत्त आहे. केक माझी सून करते, मी शेजारी बसतो. तरी एक गोष्ट मला सांगता येईल, कारण ती माझ्या धंद्यातली आहे.

सुनेच्या केकचा माथा डोंगरासारखा फुगायचा आणि मधोमध तडकायचा, कडा मात्र कोरड्या पडायच्या. पत्र्याचे भांडे बाहेरून लवकर तापते, त्यामुळे कडा आधी आळतात आणि आतले ओले मिश्रण वाट मिळेल तिथून, म्हणजे मधून, वर येते, असे तिने मला समजावून सांगितले. तेव्हा मी तिला आपल्या इथल्या शुद्ध सुती टेरी टॉवेलची चार बोटे रुंद पट्टी कापून दिली. ती पाण्यात भिजवून, हलकी पिळून, भांड्याभोवती गुंडाळायची आणि टोक स्टीलच्या पिनेने अडकवायचे. टेरी टॉवेलला दोन्ही बाजूंनी सुताचे फास असतात आणि ते फासच पाणी धरून ठेवतात, त्यामुळे साध्या कापडापेक्षा ही पट्टी उशिरा वाळते. पट्टी ओली आहे तोवर भांड्याच्या कडा फार तापत नाहीत आणि केक सपाट, सारखा वर येतो. पट्टीत पॉलिस्टरचा धागा मिसळलेला नसावा, हे मात्र पाहून घ्यावे. ती ओव्हनच्या तापत्या दांडीला टेकू देऊ नये आणि गॅसच्या ज्योतीजवळ तर मुळीच वापरू नये.

आता गाण्याविषयी. मागांच्या खडखडाटात रेडिओ कितीही मोठा केला तरी शब्द ऐकू येत नाहीत. चाल तेवढी कळते, तीही आधीपासून ओळखीची असली तर. त्यामुळे एकेक गाणे पाठ असूनही त्याचे शब्द मी निवृत्तीनंतरच नीट ऐकले. आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून केकच्या वेळी घंटसाला यांची जुनी तेलुगू गाणी लागतात. त्यांचा आवाज भरदार आहे आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येते. नात शाळेत मराठी शिकते, ती शब्दांचे अर्थ विचारत राहते आणि तेवढ्यात सुनेचा केक होतो.

नान्नज

आमची द्राक्षबाग आहे, म्हणून बेदाण्यांविषयी लिहितो. आमच्या गावचे नाव द्राक्षासाठी सर्वदूर आहे. लांबट मण्याची ‘सोनाका’ ही जात इथल्याच नानासाहेब काळे यांनी पुढे आणली आणि तिचा बेदाणाही लांबट व देखणा होतो. बाजारात मिळणारा हिरवट-पिवळा बेदाणा कसा तयार होतो, हे केक करणाऱ्यांनी जाणून घ्यावे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो असेपर्यंत आतले पाणी लवकर बाहेर पडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून मग शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत दोनेक आठवडे वाळवतात. नंतर रंग टिकावा म्हणून पुष्कळ ठिकाणी गंधकाची धुरीही देतात. तेव्हा बेदाणा भिजवण्यापूर्वी कोमट पाण्याने दोनदा धुऊन घ्यावा. धुतलेला बेदाणा संत्र्याचा रसही अधिक शोषतो. केकसाठी अगदी हिरवागार आणि महागडा बेदाणा घेण्याचे कारण नाही. रंगाने थोडा तपकिरी पडलेला माल गोडीला कमी नसतो, आणि जाळलेल्या साखरेच्या केकात हिरवा रंग तसाही दिसत नाही.

आमच्याकडे केक भजनी मंडळाच्या निमित्ताने सुरू झाला. एकादशीला तो चालत नाही, पण एरवी आठवड्याच्या बैठकीला कोणीतरी काहीतरी आणतेच, आणि पत्नीने एका बैठकीला बिनअंड्याचा फ्रूट केक दिला. पखवाज वाजवायचा तर त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते. ती सैल झाली तर आवाज पसरतो आणि वाळली तर चढतो, त्यामुळे पखवाजी मध्येच बोटाने पाणी लावत असतो. आमच्या मंडळातले वयस्कर पखवाजी काका स्वयंपाकघरात येतात, परातीतली कणीक दोन बोटांत दाबून पाहतात आणि हवी तेवढी घेऊन जातात. आता ते केकच्या मिश्रणापाशीही थांबतात आणि पळीवरून ते कसे पडते ते पाहतात. पळी तिरकी केल्यावर मिश्रण आपसूक वाहू नये, हलका झटका दिल्यावर गोळ्याने पडावे, हे फ्रूट केकचे माप त्यांनी पत्नीच्या आधी ओळखले. हाताला पिठाचा ओलेपणा कळणे ही एकच विद्या आहे आणि ती दोन्हीकडे चालते.

रेल्वे लाईन्स

आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंब आहोत. आमच्या घरी नाताळला केक असतो तशाच करंज्या, चकल्या आणि शंकरपाळेही असतात, आणि शेजाऱ्यांकडे ताट जाते ते या सगळ्याचे मिळून जाते. फळे आम्ही नोव्हेंबरातच भिजवतो. पुष्कळ जण रम वापरतात. माझ्या आजीने कायम संत्र्याचा रस, थोडा लिंबाचा रस, दालचिनी आणि लवंग एवढेच वापरले आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवून दर दोन दिवसांनी स्वच्छ चमच्याने हलवली. रसात भिजवलेली फळे रमइतकी टिकत नाहीत, म्हणून फळे फार तर आठवडाभर आधी भिजवावीत किंवा रस आटवून घ्यावा. आजी रस निम्मा होईपर्यंत आटवत असे आणि त्यामुळेच ती नोव्हेंबरात सुरुवात करू शकत असे. केक नाताळाच्या आठ दिवस आधी भाजून, पूर्ण निववून, बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून ठेवला की त्याचा चुरा पडत नाही आणि सुरीने पातळ काप निघतात. हे महत्त्वाचे आहे, कारण रात्री कॅरल गाणारी मंडळी घरोघर येतात आणि प्रत्येकाच्या हातावर काप ठेवावा लागतो.

आमच्या गाण्याविषयी बाहेरच्या लोकांचा समज असा असतो की ते सगळे परदेशी चालींचे असणार. तसे काही आहेच, गिटारवर म्हणायची कॅरल मुले हौसेने बसवतात. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचे आणि ओवीचे वळण दिले, आणि ती भजने आम्ही पेटी, तबला आणि टाळ घेऊन म्हणतो. केक भाजायच्या संध्याकाळी आमच्या घरी सरावच चालतो. आई ओव्हनपाशी उभी राहून वरचा स्वर धरते आणि वडील पेटीवर असतात. कोणाचा सूर खाली गेला तर आई हातातला चमचा वर करते, काही बोलत नाही. नान्नजच्या दादांनी पखवाजाचे लिहिले ते वाचून वाटले की त्यांचे मंडळ आणि आमची मंडळी एकत्र बसली तर चाली फारशा परक्या वाटणार नाहीत. खरोखरच तसे करता येईल का, हे त्यांनी जरूर कळवावे.

भैय्या चौक

मी तबला शिकते आणि भाड्याच्या खोलीत राहते, त्यामुळे ओव्हन नाही. प्रेशर कुकरच्या तळाशी मीठ पसरून, वर जाळी ठेवून, शिट्टी आणि रिंग काढून केक करते. पाणी अजिबात घालत नाही, आणि गॅस पूर्ण मंद ठेवून साधारण तास लागतो. त्या तासात विलंबित ख्याल ऐकत हातावर एकतालाची मात्रा मोजत बसते. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत तालाची एक फेरी (आवर्तन) जवळजवळ मिनिटभर चालते आणि समेपर्यंत, म्हणजे पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेपर्यंत, मन न सुटू देणे हाच माझा रियाज आहे. संथ बडा ख्याल संपून जलद लयीतली द्रुत बंदिश सुरू झाली की उठायचे आणि केकमध्ये सुरी घालून पाहायची. घड्याळाची फारशी गरज लागत नाही.

विजापूर वेस

आमची लाकडाच्या भट्टीची बेकरी आहे, तेव्हा आचेविषयी दोन शब्द लिहितो. भट्टीला ओव्हनसारखे आकडे नसतात. पहाटे ती सर्वात कडक असते तेव्हा पाव लागतो, पाव निघाल्यावर खारी आणि बिस्किटे, मग नानकटाई, आणि दुपारी लाकूड घालणे थांबवून बराच वेळ झाल्यावर, जेव्हा विटांमध्ये फक्त मुरलेली ऊब उरते, तेव्हा फ्रूट केक. भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकून पाहायचा. लगेच काळा पडला तर थांबायचे आणि सावकाश बदामी झाला तर पत्रे आत सरकवायचे. ही उतरती आच फ्रूट केकला फार मानवते, कारण वरचा भाग करपण्याआधी आतपर्यंत ऊब पोचते. घरच्या ओव्हनमध्ये हेच साधायचे असेल तर पहिली वीस मिनिटे 160 आणि पुढे 150 वा त्याहूनही थोडे खाली ठेवावे. वर रंग लवकर येऊ लागला तर कागदाने झाकावे, पण हे झाकणे 40 मिनिटांनंतरच करावे, पहिली 40 मिनिटे दार उघडू नये हे जुळे सोलापूरच्या ताईंनी लिहिलेच आहे.

दिवाळीत गल्लीतल्या बायका रवा, मैदा, तूप घरून मळून आणतात आणि नानकटाईचे पत्रे आमच्याकडे भाजून नेतात. पत्र्यावर प्रत्येकीची खूण असते. डिसेंबरात तसेच केकचे डबे येऊ लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. पहाटे कामाची घाई असते तेव्हा आम्ही कव्वाली लावतो, टाळीच्या ठेक्यावर हात आपोआप चालतात. दुपारी केक आत असताना मात्र बेगम अख्तर यांच्या गझला. त्यांचा आवाज वर जाताना मध्येच जो किंचित चिरतो, त्यासाठी आमचे वयस्कर कारागीर चाचा हातातली फळी भिंतीला टेकवून थांबतात. रांगेत बसलेल्या भगिनींपैकी कोणी शेर समजला नाही असे म्हणाले, तर चाचा तो मराठीत सांगतात आणि मग त्यावर चर्चा रंगते.

तबला शिकणाऱ्या ताईंना सुचवावेसे वाटते की भैय्या चौक काही फार लांब नाही. कुकरमध्ये केकला खालून आच मिळते, वरून मिळत नाही, त्यामुळे माथा फिकट राहतो. मिश्रण डब्यात घालून दुपारी तीननंतर आणावे, भट्टीत जागा असते.

जुळे सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टॉवेलची पट्टी मी कालच करून पाहिली. केक खरोखर सपाट आला आणि कडाही मऊ राहिल्या, मात्र वेळ दहा मिनिटे जास्त लागला, तो धरून चालावे. अशोक चौकातल्या काकांनी हे सुनेला माझ्यातर्फे अवश्य सांगावे.

नान्नजच्या वहिनींकडून बिनअंड्याच्या केकचे प्रमाण मिळावे, अशी विनंती आहे, कारण आमच्या काकू अंडे खात नाहीत आणि आजवर त्या केवळ वासावर आणि गाण्यावर समाधान मानत आल्या. माझ्याजवळ दही आणि खाण्याच्या सोड्याची एक कृती आहे, पण त्यात फळे 200 ग्रॅमपेक्षा जास्त घातली तर काप तुटतात. फळे भरपूर आणि काप अखंड, असे दोन्ही साधणारे प्रमाण कोणाकडे असल्यास लिहावे. शिवाय रेल्वे लाईन्सच्या ताईंनी एकत्र बसण्याचे विचारले आहे, त्याचेही उत्तर नान्नजच्या दादांनी द्यावे. जागेचा प्रश्न आला तर आमच्या इमारतीची गच्ची मोकळी आहे आणि पेटी ठेवायला सतरंजीही आहे.