व्हीलचेअर रग्बी सुरू करायची आहे, पण हातात पकड नाही. जमेल का?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. वय २८, मानेला सी६ पातळीची (मज्जारज्जूचा मानेतला सहावा स्तर) इजा, कम्प्लीट, म्हणजे खालची संवेदना-हालचाल गेलेली. मनगट वर उचलता येतं, कोपर सरळ करायला ताकद जवळजवळ नाही, बोटं मिटत नाहीत. हाताने ढकलायची साधी खुर्ची वापरतो, सपाट जागेवर कुणाच्या मदतीशिवाय फिरतो. पुण्यातल्या एका गटाकडून सरावाला ‘येऊन बघ’ असं बोलावणं आलंय. व्हिडिओ पाहिले तर सगळे एकमेकांवर धडाधड आदळतायत, चेंडू लांबवर फेकतायत. मला पाण्याची बाटली धरायला दोन्ही हात लागतात. अशा माणसाचा संघाला काय उपयोग? रोजची खुर्ची चालेल का? सोबत काय न्यायचं? आणि घरचे मानेची भीती घालतायत, त्यात किती तथ्य आहे?

साडेतीन_अर्धा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर नियमातच आहे. हा खेळ १९७७ च्या सुमारास कॅनडातल्या विनिपेगमध्ये सुरू झाला, तो हातांतही कमजोरी असलेल्यांसाठीच. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये अशा खेळाडूंना चेंडूच मिळत नव्हता. ज्याचे हात धडधाकट आहेत आणि फक्त पाय गेलेत, त्याला इथे प्रवेश नाही.

प्रत्येक खेळाडूला ०.५ ते ३.५ असा पॉइंट मिळतो. कमी पॉइंट म्हणजे हालचाल जास्त मर्यादित. मैदानावर एका वेळी चौघे, आणि चौघांची बेरीज ८ च्या वर जाता कामा नये. (संघ मिश्र असतो. महिला खेळाडू मैदानात असेल तर या बेरजेत सवलत मिळते.) आता हिशेब मांडा. ३.५ चा भारी खेळाडू उतरवला तर उरलेल्या तिघांत ४.५ राहतात, उदाहरणार्थ २, २ आणि ०.५. दोन ३ वाले घेतले तर उरलेल्या दोघांत २ च राहतात, उदाहरणार्थ दोन १ वाले. थोडक्यात, ०.५ आणि १ वाले नसतील तर कुठल्याही संघाला आपले दोन भारी गडी एकत्र मैदानात आणता येत नाहीत. तुमच्या वर्णनावरून तुम्ही बहुधा ०.५ ते १ च्या आसपास बसाल. ते ठरवणं क्लासिफायरचं काम: आधी टेबलावर स्नायूंची तपासणी, मग खुर्चीत बसवून चाचणी, शेवटी प्रत्यक्ष सामन्यात निरीक्षण. पहिल्या दिवशी याचा विचारही करू नका.

तुमचं मुख्य काम चेंडू फेकणं नाही, अडवणं आहे. कमी पॉइंटवाल्याच्या खुर्चीला पुढे ‘पिकर’ असतो, बाहेर आलेली धातूची चौकट. ती समोरच्याच्या खुर्चीत अडकवून धरायची. तुमच्या अर्ध्या पॉइंटने त्यांचे साडेतीन पॉइंट दहा सेकंद अडकवून ठेवले, तर उरलेल्या जागेत तीन विरुद्ध तीन खेळ होतो आणि त्यांचा सगळ्यात वेगवान माणूस त्यात नसतो. प्रेक्षक चेंडूकडे बघतात, प्रशिक्षक तुमच्याकडे.

गोल व्हायला चेंडू ताब्यात ठेवून खुर्चीची दोन चाकं ८ मीटरच्या गोलरेषेपलीकडे जावी लागतात. गोल भरपूर होतात. पॅरिस २०२४ च्या अंतिम सामन्यात जपानने अमेरिकेला ४८-४१ ने हरवलं. त्यामुळे एक गोल झाला याचं फारसं कौतुक नसतं, समोरच्यांचा एक हल्ला फुकट घालवला याचं असतं. आणि ते काम बहुतेक वेळा अडवणारेच करतात.

पहिल्या सरावाआधी एवढे आकडे पाठ असू द्या: मैदान बास्केटबॉलचं, २८ बाय १५ मीटर. आठ-आठ मिनिटांचे चार भाग, पण खेळ थांबला की घड्याळही थांबतं, म्हणून प्रत्यक्षात तासाच्या पुढे जातं. चेंडू व्हॉलीबॉलसारखा. दहा सेकंदांत एकदा तरी टप्पा द्यायचा किंवा पास करायचा, बारा सेकंदांत अर्धी रेषा ओलांडायची, चाळीस सेकंदांत गोल करायचा. गोलसमोरच्या चौकटीत, म्हणजे ‘की’मध्ये, बचाव करणारे तीनच थांबू शकतात. हल्ला करणारा तिथे दहा सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळला तर चेंडू जातो. नवखे सगळ्यात जास्त वेळा इथेच फसतात: बचावात धावपळीत चौथा आत शिरतो आणि शिट्टी वाजते.

खुर्चीला खुर्ची आदळणं चालतं, माणसाला हात किंवा अंग लावणं चालत नाही. मागच्या चाकाच्या एक्सलच्या मागे ठोकून समोरच्याची खुर्ची गर्रकन फिरवली तर फाउल. शिक्षा झाली तर एक मिनिट बाहेर, किंवा समोरच्यांचा गोल होईपर्यंत.

स्पोकगार्ड
खुर्चीबद्दल. रोजची खुर्ची टकरीत अजिबात वापरू नका. स्पोक उघडे असतात, समोरच्याचा पिकर थेट त्यात घुसतो, चाक तर जातंच आणि बोटंही जाऊ शकतात. पायठेव वाकते, मागे उलटू नये म्हणून लागणारं चाक नसतं. बास्केटबॉलची खुर्चीही टकरीला नको, कारण स्पोकवर झाकण नाही आणि चौकट त्या माराच्या हिशेबाने बांधलेली नसते. टक्कर नसलेल्या सरावाला, म्हणजे वेग, वळणं, पास यांना, ती ठीक आहे. नवी रग्बी खुर्ची आयात केली तर काही लाखांना पडते. त्यामुळे गटाकडची जुनी खुर्ची वापरा आणि निदान एक हंगाम विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. सुरुवातीला मापं घेऊन बनवलेली खुर्ची सहा महिन्यांत चुकीची वाटते, कारण बसायची पद्धतच बदलते.

उसनी खुर्ची मिळाली की आधी रुंदी बघा. मांडीच्या दोन्ही बाजूंना हात सरकेल एवढी जागा असेल तर ती तुमच्यासाठी मोठी आहे. खुर्ची वळते आणि तुम्ही आत घसरता, अर्धी ताकद तिथेच वाया जाते. दुसरी लहान खुर्ची नसेल तर दोन्ही बाजूंना कडक फोम भरा. मग बैठकीचा उतार. पोटाचे स्नायू नसतील तर बैठक मागे खोल आणि गुडघे वर हवेत, म्हणजे ब्रेक मारल्यावर पुढे कोलमडत नाही. मात्र फार खोल केली तर चाकाच्या वरच्या भागापर्यंत हात पोचत नाही. साधारण कसोटी अशी: ताठ बसून हात खाली सोडले की कोपर थोडा वाकलेला राहून तळहाताची टाच टायरच्या माथ्यावर यायला हवी.

पावलं, गुडघे-मांड्या, कंबर आणि छाती यांचे पट्टे बांधताना कंबर पूर्ण मागे सरकवून घ्या. ती मागे सरकायची राहून गेली तर दहा मिनिटांत तुम्ही पुढे घसरलेले असता. कंबरेचा पट्टा पोटावर नाही, ओटीपोटाच्या हाडाच्या पुढून खाली ओढलेला हवा.

टायरमध्ये हवा भरपूर लागते, बहुतेक टायर १०० पीएसआयच्या वरचे. टायरच्या कडेवर छापलेला आकडा बघून भरा. दाब कमी असेल तर तुमच्यासारख्या कमी ताकदीच्या खेळाडूला ते सगळ्यात आधी जाणवतं, आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो. सरावानंतर एक्सल, पुढच्या छोट्या चाकांचे बोल्ट आणि स्पोक झाकणाच्या तबकडीचे स्क्रू तपासून घ्या. टकरींनी हेच आधी ढिले होतात. ४, ५, ६ मिमीच्या अ‍ॅलन की पिशवीत असू द्या.

फिजिओ_मिरज
घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, फक्त भीती चुकीच्या जागी आहे. मानेतलं हाड जुळलं आहे, शस्त्रक्रियेत बसवलेले पट्टी-स्क्रू जागेवर आहेत, हे ताज्या एक्स-रेवरून स्पाइन सर्जनने लिहून दिलं असेल तर मान ही पहिली काळजी नाही. तेवढं लेखी घ्याच. माझ्या मते धोक्यांचा खरा क्रम असा:

सगळ्यात वर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. टी६ (मज्जारज्जूचा छातीच्या भागातला सहावा स्तर) किंवा त्यावरच्या इजेत खालून काही टोचलं, दाबलं, मूत्राशय भरलं, तर रक्तदाब एकदम चढतो. खुणा: डोकं ठणकणं, चेहरा-मान लाल होणं, इजेच्या वर घाम, अंगावर काटा. रग्बीत याचं ठरलेलं कारण म्हणजे मांडीच्या पट्ट्याखाली दबलेली लेग बॅगेची (पायाला बांधलेल्या लघवीच्या पिशवीची) नळी. म्हणून पट्टे बांधायच्या अगदी आधी कॅथेटरने मूत्राशय रिकामं करा. लेग बॅग असेल तर ती रिकामी करून नळी पट्ट्याच्या वरून आली आहे का हे दुसऱ्याला बघायला सांगा. खुणा दिसल्या तर ताठच बसा, आडवं व्हायचं नाही, सगळे पट्टे सोडा, नळी मोकळी करा. काही मिनिटांत उतरलं नाही तर सरळ रुग्णालय. आणि तिथल्या डॉक्टरांना हा शब्द सांगा, कारण सगळीकडे तो ओळखीचा असेलच असं नाही. थोडा दाब चढला की खेळायला जोर येतो असं कुणी कानात सांगेल. मुद्दाम असं करणं स्पर्धांमध्ये बंदी असलेली गोष्ट आहे आणि त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

दुसरं उष्णता. इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे शरीर तापतच जातं. नाशिक-पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखालच्या हॉलमध्ये तर विचारू नका. पाण्याची फवारणीची बाटली आणि पंखा एकत्र वापरा, चेहरा-मान-हात ओले ठेवा. नुसतं पाणी पिऊन हे भागत नाही.

तिसरं त्वचा. अनोळखी बैठक, घट्ट पट्टे, आदळआपट. पहिल्या दिवशी वीस मिनिटांनी खुर्चीतून बाहेर काढून बसायची जागा, शेपटीचं हाड, गुडघ्याच्या आतल्या बाजू आणि टाचा बघून घ्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या दिवशीचा खेळ संपला. मागे खिसे किंवा जाड शिवण असलेली पँट नको.

चौथं पायांची हाडं. बरीच वर्षं उभं न राहिलेल्या पायांची हाडं ठिसूळ होतात आणि मोडलं तरी दुखत नाही. सरावानंतर एक पाय सुजलेला किंवा गरम लागला तर चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

नाडीचे ठोके मोजून व्यायामाची तीव्रता ठरवायला जाऊ नका. मानेच्या इजेत ठोके साधारण ११० ते १३० च्या पुढे जातच नाहीत. दम किती लागला, सलग वाक्य बोलता येतंय का, हेच माप.

चौथा_कोपरा
स्पोकगार्ड, छातीच्या पट्ट्याबद्दल थोडं वेगळं. पहिल्या दिवशी बहुतेक जण तो आवळून बांधतात कारण पडायची भीती. पण सी६ ला श्वास जवळजवळ पूर्ण श्वासपटलावर, म्हणजे फुप्फुसांखालच्या पडद्यावर चालतो. बरगड्यांच्या खालच्या कडेवर पट्टा आवळला की पाच मिनिटांत दम लागतो आणि नवख्याला वाटतं आपला स्टॅमिनाच नाही. पट्टा थोडा वर घ्या, दीर्घ श्वास भरलेला असताना बांधा.

स्पोकगार्ड
मान्य. रुंद लवचीक पट्टा असेल तर आणखी बरं.

गोदाकाठ
खूप आभार सगळ्यांचे. पुढच्या महिन्यात जायचं म्हणतोय. तोवर घरी काय करता येईल? हातमोजे कुठले? आणि उलटलो तर नेमकं काय करायचं?

साडेतीन_अर्धा
हातमोजे: महागडे शोधू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, तळव्याला रबराचा थर असलेले कामाचे हातमोजे घ्या, हातात घट्ट बसणारे. मनगटाला आणि अंगठ्याच्या बुंध्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला मोजा निघून जातो. पट्टी बोटांच्या टोकांपर्यंत घट्ट नेऊ नका, बोटांचा रंग बघत राहा. संवेदना नसेल तर ब्रेक मारताना टायरला घासून कातडी भाजते आणि कळत नाही. तुम्ही मनगटानेच नाही तर कोपराखालच्या हातानेही ब्रेक लावणार आहात, म्हणून तिथे जाड बाही किंवा जुन्या मोज्याची कापलेली नळी घाला.

ढकलणं: कोपर सरळ करायची ताकद नसताना पुढे ढकलायच्या मागे लागू नका. हात चाकाच्या मागच्या बाजूला न्या आणि दंडाच्या जोराने वर ओढत आणा. तुमच्यासारखे कमी पॉइंटवाले खेळाडू असंच चालवतात. रोजच्या खुर्चीवर, ब्रेक नीट आहेत हे पाहून, सपाट जागी वीस-वीस सेकंदांचे सहा-सात वेळा प्रयत्न, मध्ये मिनिटभर विश्रांती. खांदे दुखले की थांबा, हेच खांदे रात्री खाटेवर चढायलाही लागतात.

चेंडू: व्हॉलीबॉल आणा. मांडीवर झेलायचा सराव करा, हातात नाही. कुणीतरी दोन मीटरवरून टाकेल, तुम्ही दोन्ही हात वरून झाकणासारखे आणून तो पोटाशी दाबायचा. द्यायचा असेल तर दोन्ही मनगटांनी खालून उडवायचा किंवा एका हाताच्या टाचेने ठोसायचा. जमिनीवरचा चेंडू उचलायला तो चालत्या चाकाला दाबून धरतात, चाकाबरोबर तो वर येतो. पण हे खुर्चीवर स्पोकचं झाकण असेल तरच करा.

उलटणं: हनुवटी छातीला, हात अंगाशी. हात टेकवून सावरायचा मोह होतो, त्यातच मनगट आणि कोपर जातात. पट्टे बांधलेले असल्याने तुम्ही खुर्चीसकट पडता आणि खुर्चीच बराचसा मार घेते. धोका असेल तर पंच खेळ थांबवतात, मदतनीस मागून येऊन खुर्चीसकट उभं करतात. स्वतः सुटायची धडपड करू नका. टक्कर होताना हात चाकाच्या बाहेरच्या कडेवर ठेवू नका, दोन खुर्च्यांच्या मध्ये बोटं चिरडू शकतात.

चौथा_कोपरा
जायच्या आधी गटाला फोन करून तीन गोष्टी विचारा. एक, हॉलला पायऱ्या आहेत का आणि स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे. कॅथेटर करायला जागाच नसेल तर वरचा सगळा सल्ला कागदावर राहतो. दोन, मैदान लाकडी आहे का. सिमेंटच्या उघड्या कोर्टवर टायर तर घासतातच, शिवाय ढकलायला एवढं जड जातं की नवखा पंधरा मिनिटांत हात टेकतो. बॅडमिंटन हॉलचे व्यवस्थापक मॅट खराब होते म्हणून नकार देतात, त्यांचंही चूक नाही. तीन, तुमच्या मापाच्या जवळपासची खुर्ची त्या दिवशी मोकळी आहे का. नसेल तर दुसरा रविवार घ्या, नाहीतर दोन तास कडेला बसून परत याल.

पुढे स्पर्धेपर्यंत जायचं मनात आलंच, तर भारतात व्हीलचेअर रग्बी फेडरेशन ऑफ इंडिया आहे, त्यांच्याकडची नोंदणी गटामार्फतच होते का ते तिथेच विचारा.

फिजिओ_मिरज
सोबत एक माणूस न्या ज्याला तुमचं कॅथेटर आणि त्वचा तपासणं जमतं. सरावाच्या आदल्या रात्री नवीन औषध, नवीन आहार, काही नको. स्पॅझमची (स्नायू आपोआप आखडतात, त्यावरची) गोळी नेहमीच्या वेळीच घ्या. ती चुकली तर पाय पट्ट्यातून उसळतात. आणि परतीच्या प्रवासात गाडीत उशीवर बसा, दिवसभर दाब सोसलेल्या त्वचेवर तेव्हा आणखी दाब येतो.