सिंथेसायझर, कीबोर्ड, कॅसिओ: नेमका फरक काय?

प्रश्न: आमच्याकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं आणि विजेवर चालणारं काहीही दिसलं की त्याला कॅसिओ म्हणतात, मग कंपनी यामाहा असो नाहीतर रोलँड. सिंथेसायझर म्हणजे वेगळं काही असतं का? आणि हल्ली पोरं "गाण्याला सिंथ फील आहे" म्हणतात, तेव्हा त्यांना जुनं म्हणायचं असतं की नवीन?

उत्तर: वेगळा असतो, आणि फरक कंपनीचा नाही, कामाचा आहे. ज्याला आपण कॅसिओ म्हणतो त्या साध्या कीबोर्डमध्ये पियानो, बासरी, ढोलक असे टोन आयते मिळतात, नंबर दाबा नि वाजवा. सिंथेसायझरमध्ये टोन आपण घडवायचा. आत्ता करून बघा: एकच सूर लावून धरा आणि ओठ "ऊ" पासून "आ" पर्यंत हळूहळू उघडा, परत मिटा. सूर तोच राहिला पण आवाजाचा रंग बदलला ना? घसा म्हणजे ऑसिलेटर, मूळ आवाज काढणारा; तोंड म्हणजे फिल्टर, त्यातलं काही गाळणारा. 1970 च्या मिनीमूग या सिंथेसायझरमध्ये तीन ऑसिलेटर आणि एक फिल्टर असतो, त्याचा कटऑफचा, म्हणजे किती गाळायचं ते ठरवणारा नॉब डावीकडे फिरवत नेला की करकरीत आवाज हळूहळू मऊ, घुमा होत जातो, शेजारच्या खोलीचं दार कुणीतरी लोटून घेतल्यासारखा.

आता शब्द. शाळेत प्रकाशसंश्लेषण शिकलो तेच हे संश्लेषण, म्हणजे जोडून नवीन करणं, म्हणून कुणी "ध्वनिसंश्लेषक" म्हणेल तर अर्थ बरोबर आहे, पण मिनीमूगमध्ये खरं तर भरगच्च आवाज घेऊन त्यातलं नको ते गाळून टाकतात, आणि 1983 च्या यामाहा डीएक्स7 मध्ये एका लहरीने दुसरीला हलवून वेगळाच, घंटेसारखा टोन काढतात. नाव एक, रीती अनेक. म्हणून "सिंथचा आवाज" असा एकच आवाज नसतो.

प्रश्न: पटलं. पण आमच्या घरी सिंथेटिक म्हणजे टेरिकॉट, नकली. सिंथेटिक संगीत म्हटलं की मोठी माणसं नाक मुरडतात.

उत्तर: तो अर्थ कापडावरून आलाय, वाद्याला लावू नका हो, मनापासून सांगतो. मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली, भैरव, ललित, यमन, मालकंस, सगळं सिंथवर. त्यात रोलँडचा टीबी-303 होता, गिटारवाल्यांना साथीला बास मिळावा म्हणून काढलेलं छोटंसं यंत्र, त्याच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती आणि ती मींडेच्या फार जवळ जाते. पेटीवर मींड निघत नाही, हे आपण सगळे जाणतो, आणि इथे यंत्रावर निघाली! पुढे 1987 च्या सुमारास शिकागोतल्या पोरांनी तोच 303 नॉब पिळून पिळून वाजवला आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत आलं. 2010 मध्ये सिंग यांची रेकॉर्ड परत निघाली तेव्हा जगभरातले लोक चकित झाले, कारण ऐकायला ती त्या शिकागोच्या संगीतासारखी वाटते, आणि आहे त्याच्या पाच वर्षं आधीची. आता सांगा, हे रेट्रो की मॉडर्न?

पोरांच्या "सिंथ फील" चं म्हणाल तर बहुतेक वेळा त्यांना ऐंशीच्या दशकातले रुंद, पसरलेले पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारे सूर, आणि धडधडणारा बास म्हणायचा असतो, त्याला आता सिंथवेव्ह असं वेगळं नावच आहे. मग तेवढंच म्हणावं. नुसतं "सिंथ" म्हटलं तर लॅपटॉपवर आज सकाळी बनवलेला टोनही त्यात येतो.

प्रश्न: आणि लिंग? तो की ती?

उत्तर: आम्ही "तो सिंथ" म्हणतो, "सिंथवर वाजवलं" म्हणतो. पेटी तेवढी ती.