मनपा शाळेतल्या मुलांसाठी शाळेनंतरचा वर्ग, मदत हवी आहे

मंडळी, आमच्या वस्तीतल्या मनपा शाळेची सकाळची पोरं साडेबाराला सुटतात, आईबाप कामावर, घराला कुलूप, मग दिवेलागणीपर्यंत नुसती उंडारतात नाहीतर मोबाईल. शाळेत दुपारचं अधिवेशन भरतं म्हणून वर्ग रिकामे नसतात, समाजमंदिर मात्र ओस पडलंय. तिथे दोन तास वाचन, गणित, कॅरम-कबड्डी असं काहीतरी चालवायचंय, ट्यूशन नको हां, ती पोरं पळून जातील! चौथीतली मुलगी 'स्वातंत्र्य' वाचताना अडते, हातच्याची वजाबाकी तर सोडाच. आरटीई २००९ (शिक्षण हक्क कायदा) प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, मग समितीचा ठराव पुरेल का वॉर्ड ऑफिसची परवानगी लागेल? शिकवणाऱ्या ताईंचं मानधन कुठून काढता? कुणी चालवलंय का असं?