विषय: मुंबईच्या शाळेत इन्सुलिन – कुणाचा अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी,

येत्या जूनपासून आम्ही लंडन सोडून कायमचे मुंबईला परततोय. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला टाइप १ डायबेटिस आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने अशा मुलांची सोय करणं सरकारी शाळांवर बंधनकारक आहे. जेवणाआधी तो इन्सुलिन घेतो तेव्हा शाळेतल्या एक बाई शेजारी बसतात. दादरच्या ज्या शाळेत प्रवेश मिळतोय, तिथून मात्र निरोप आला: "औषधं आम्ही देत नाही, पालकांनी येऊन द्यावीत." आम्ही दोघंही नोकरी करणार. रोज मधल्या सुट्टीत कसं पोचायचं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

*

प्रिय ताई,

तुझी मेल वाचून राहवलं नाही. माझी मुलगी सातवीत असताना आम्ही असेच परत आलो. आता ती कॉलेजात आहे.

सगळ्यात आधी आकडे बदल. रक्तातली साखर मोजायच्या तुमच्याकडच्या मीटरवर ४ दिसतं, ते इथल्या मीटरवर ७२. अठराने गुणायचं. मी इथलं मीटर घेतलं, पण शाळेला दिलेला कागद जुनाच: "४ च्या खाली गेलं तर साखर द्या." दुसऱ्याच आठवड्यात पी.टी.नंतर पोरगी थरथरत होती, मीटरवर ५८. टीचरनी कागद पाहिला आणि ५८ म्हणजे भरपूर आहे असं समजून तिला नुसतं बसवून ठेवलं. चूक माझ्या कागदाची होती. तो दिवस आठवला की अजून पोटात खड्डा पडतो.

"औषधं देत नाही" यामागे बहुतेक वेळा भीती असते. भांडू नकोस. इन्सुलिन तो स्वतः घेईल, मोठ्या माणसाने फक्त शेजारी उभं राहून इन्सुलिनच्या पेनवरचा आकडा बघायचा, एवढंच माग. सोबत डॉक्टरांचं पत्र दे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहिलंय, की डॉक्टरांनी सांगितलं असेल तर अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मध्येच खाऊ द्यावं. त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या हातात ठेव.

ग्लुकोज मुलाच्या खिशातच हवं, यावर अजिबात मागे हटू नकोस. आमचा ग्लुकोजचा डबा ऑफिसच्या कपाटात कुलपात असायचा आणि किल्ली घेऊन क्लार्क जेवायला गेलेले. किती ग्लुकोज द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घे. दिल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. ही ओळ मोठ्या अक्षरात लिही.

आणि मावशींना विसरू नकोस! टीचर तासाला बदलतात. जिन्यात, बाथरूमपाशी, सिक रूममध्ये मुलांवर लक्ष असतं ते मावशींचं. माझ्या मुलीचा चेहरा पांढरा पडलेला पहिल्यांदा ओळखला तो त्यांनीच. त्यांच्यासाठी वेगळा कागद मराठीत कर आणि शाळा सुरू व्हायच्या आधी जाऊन, शेजारी बसून समजाव. बसमधल्या ताईंकडेही बिस्किटं आणि ग्लुकोजची प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पिशवी दे. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं की बस दोन-दोन तास हलत नाही, आणि तेव्हा डबा संपलेला असतो.

वापरातलं पेन साधारण महिनाभर फ्रिजबाहेर चालतं, पण तीस अंशांच्या आत. आपल्या मे आणि ऑक्टोबरसाठी गार राहणारी पिशवी घे.

*

ताई, मनापासून आभार. आकड्यांचं तर डोक्यातही आलं नव्हतं. मावशींचा कागद आत्ताच लिहायला घेतलाय. 'हायपो'ला, म्हणजे साखर फार कमी होण्याला, काय लिहू? ते त्यांना कळेल ना?

*

"शुगर उतरली" लिही. आमच्या मावशी तेच म्हणायच्या. आणि खाली त्याची लक्षणं लिही: माझी गप्प व्हायची, तुझा कदाचित चिडत असेल.