मदत हवी आहे: एकच गाणं, तीन कंपन्या. १९६४ च्या शिकागोत यातलं कोणतं वाजत होतं?

नमस्कार मंडळी,

जुन्या अमेरिकन सोल संगीतात मुरलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून थेट विचारते. आमच्या श्रवणगटासाठी मी एक सत्र बसवते आहे. विषय आहे, एकच गाणं घेऊन एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या रेकॉर्ड कंपन्या. सत्राच्या मध्यभागी रूडी क्लार्कचं 'इट्स इन हिज किस' ठेवलं आहे.

१९६३ मध्ये कॅपिटॉलने ते मेरी क्लेटनकडून गाऊन घेतलं. निर्माता जॅक नित्शे, आणि गायिका अवघी चौदा वर्षांची! (रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या 'गिमी शेल्टर' गाण्यामधला तो काळीज चिरत जाणारा आवाज हिचाच.) रेकॉर्ड चालली नाही. १९६४ च्या सुरुवातीला शिकागोच्या व्ही-जे कंपनीत केल्विन कार्टर यांनी तेच गाणं बेटी एव्हरेटला दिलं, आणि त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सने रमोना किंगची रेकॉर्ड बाजारात आणली. दोन्हींचं नाव एकच. गिऱ्हाईकाने दुकानात नुसतं नाव सांगितलं तर हातात कोणती पडेल याचा नेम नाही. म्हणून व्ही-जेने आपल्या रेकॉर्डचं नाव बदलून 'द शूप शूप साँग' केलं आणि जुनं नाव कंसात टाकलं. मागे गाणाऱ्या मुलींचं 'शूप शूप' लोकांच्या तोंडी बसणार, तेच नाव करून टाकलं. मला ही चाल फार हुशारीची वाटते. एव्हरेटचं गाणं बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या हॉट १०० यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

हे सगळं कायदेशीरच होतं. १९०९ च्या अमेरिकी कायद्यानुसार गाण्याची पहिली रेकॉर्ड निघाली की दर प्रतीमागे दोन सेंट भरून कोणीही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकत असे. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात व्हर्जन कॅसेटी (जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या) निघाल्या, त्याही कॉपीराइट कायद्यातल्या अशाच सवलतीवर. गीतकार आणि प्रकाशकाला प्रत्येक रेकॉर्डमागे पैसे मिळायचे. मागे पडायची ती गायिका, आणि मला याच मागे पडलेल्या दोघींना नीट ऐकवायचं आहे. गाण्यातल्या मुली प्रश्न विचारतात तेव्हा एव्हरेट मोठ्या बहिणीसारखी ठामपणे उत्तरं देते, तर क्लेटन मला त्या मुलींमधलीच एक वाटते. शब्द तेच, पण गाण्याचं वयच बदलतं.

आता माझी अडचण. कृष्णवर्णीय श्रोत्यांनी कोणतं गाणं उचललं हे बिलबोर्डवरून कळत नाही, कारण नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात बिलबोर्डने आर अँड बीची (कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये चालणाऱ्या संगीताची) वेगळी यादीच बंद ठेवली होती. कॅश बॉक्स या दुसऱ्या साप्ताहिकाच्या आर अँड बी यादीत एव्हरेट पहिल्या क्रमांकावर दिसते, पण ती यादी देशभराची. मला शिकागो शहरातलं चित्र हवं आहे. तिथे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी १९६३ मध्ये सुरू झालेलं डब्ल्यूव्हीओएन रेडिओ केंद्र होतं आणि त्याचे मालक चेस रेकॉर्ड कंपनीवाले चेस बंधू, म्हणजे व्ही-जेच्या गावातलेच प्रतिस्पर्धी! अशा केंद्रावर व्ही-जेच्या रेकॉर्डला कशी वागणूक मिळत होती, हा माझ्या दृष्टीने या गोष्टीतला सर्वांत रंजक भाग आहे.

तर विनंती अशी:

फेब्रुवारी ते एप्रिल १९६४ मधल्या डब्ल्यूव्हीओएनच्या गाण्यांच्या साप्ताहिक याद्या कोणाच्या संग्रहात आहेत का? एखाद्या आठवड्याचा फोटो मिळाला तरी चालेल.

व्ही-जे ५८५ ही रेकॉर्ड नुसत्या जुन्या नावाने छापलेली कोणाकडे आहे का? लेबलचा सरळ फोटो हवा आणि शेवटच्या खाचेजवळ कोरलेला क्रमांकही. तो तिरप्या उजेडात धरला की वाचता येतो.

रमोना किंगचं गाणं मूळ ४५ आरपीएम रेकॉर्डवरून उतरवलेलं हवं आहे. खरखर असली तरी हरकत नाही, पण सफाई करून आवाज बोथट केलेली फाइल नको.

एव्हरेटच्याच 'यू आर नो गुड'ची डी डी वॉर्विकने ज्युबिलीसाठी गायलेली १९६३ ची रेकॉर्ड मिळाली आहे, त्यामुळे ती शोधू नका. गायिका शेरचं १९९० चं 'शूप शूप'ही कृपया सुचवू नका, या सत्रात १९६४ च्या पुढे जायचं नाही.

फोटो इथेच टाका, फाइल असेल तर व्यनि करा. सत्र महिनाअखेरीस आहे.